तीन देशांच्या कानवाल्या वेल्ह्यात

भोर-वेल्ह्याकडे लोक किल्ले चढायला जातात, नाहीतर धरणाच्या काठी बसून मासे खायला. आम्ही तिघी गेलो कान तपासायला. तिघींचा धंदा एकच. कमी ऐकू येणाऱ्याचा कान तपासायचा आणि लागलं तर त्याला यंत्र बसवून द्यायचं. पण हा एकच धंदा तीन देशांत तीन तऱ्हांनी शिकवतात, आणि प्रत्येकीला आपलीच तऱ्हा शहाणपणाची वाटते. पुण्यातल्या एका परिषदेत यावरून आमची अशी जुंपली, की चहाचे कप गोळा करणारा माणूस दोनदा येऊन रिकाम्या हातानं गेला. शेवटी मी म्हटलं, मी महिन्यातून एकदा तपासणीची पेटी घेऊन भोर-वेल्ह्याला जाते. परवा निघतेय. चला बरोबर, उरलेलं भांडण गाडीत करू.

मंजिरी माझी कॉलेजातली मैत्रीण. पंचवीस वर्षं अमेरिकेत, ओहायोत असते. पदवीनंतर आणखी चार वर्षं शिकल्यामुळे तिच्या नावाआधी डॉक्टर लागतं, आणि हे ती कुणाला फार वेळ विसरू देत नाही. उर्सुला जर्मनीची. साठीची, उंच, कमी बोलणारी. मी दोन वर्षं इंग्लंडात नोकरी केली, तेव्हा ती एका कार्यशाळेला आली होती, तिथली आमची ओळख. एका लहान गावात तिचं स्वतःचं दुकान आहे आणि ती कधीही कॉलेजात गेलेली नाही. ही शेवटची गोष्ट मंजिरीला नसरापूरला मिसळ खाताना कळली.

नसरापूर

उर्सुलानं सांगितलं ते असं. शाळा संपल्यावर सोळाव्या वर्षी ती एका दुकानात उमेदवार म्हणून लागली. तीन वर्षं हाताखाली काम. मधूनमधून काही आठवडे उत्तरेकडच्या एका शहरात शाळेला जायचं, तिथे देशभरातले कान शिकणारे उमेदवार एकत्र येतात. मग परीक्षा. मग काही वर्षांनी उस्तादपणाची आणखी एक अवघड परीक्षा, आणि ती पास झाल्यावरच स्वतःचं दुकान टाकायची मुभा. बेकरीवाल्यांना जो कायदा लागू, तोच कानवाल्यांना.

मंजिरीचा पाव हातातच राहिला. म्हणजे सुतारकाम शिकावं तसं तू कान शिकलीस, असं तिनं विचारलं. उर्सुलानं अगदी गंभीरपणे मान हलवली. ती म्हणाली, आम्ही कारागीर आहोत. मंजिरी ज्या थाटात डॉक्टर म्हणते, त्याच थाटात तिनं तो शब्द उच्चारला.

मग मंजिरीचं पितळ उघडं पाडायची माझी पाळी होती. तिचा परवाना तिच्या राज्यापुरता. तिची नणंद नदीच्या पलीकडे राहते, पण तो किनारा दुसऱ्या राज्यात आहे. तिथे जाऊन ही जेवू शकते, नणंदेचा कान तपासू शकत नाही. आता काही राज्यांनी आपसात करार करायला घेतलाय म्हणे. आणि इतक्या शिकलेल्या डॉक्टरांच्या देशात, मोठ्या माणसाला थोडं कमी ऐकू येत असेल तर त्यानं सरळ दुकानात जावं, टूथपेस्टच्या शेजारून यंत्र उचलावं आणि घरी येऊन स्वतःच कानात घालावं, अशीही सोय झालीय.

इंग्लंडची गंमत मी सांगितली. तिथे जो यंत्र विकतो, त्यानं सरकारी नोंदवहीत नाव घातलंच पाहिजे, नाहीतर गुन्हा. पण सरकारी दवाखान्यात जो तेच यंत्र फुकट देतो, त्याच्यावर तशी कायद्याची सक्ती नाही. बहुतेक जण आपणहून नाव घालतात, तो भाग वेगळा. उर्सुला हे ऐकून इतकी हसली की तर्री तिच्या नाकात गेली.

आणि तुमच्याकडे काय, असं तिनं डोळे पुसत विचारलं. मी सांगितलं. बारावीनंतर चार वर्षांची पदवी, मग दिल्लीच्या सरकारी परिषदेत नोंदणी, तिचा नंबर असल्याशिवाय कुणी कानाला हात लावायचा नाही. आणि प्रत्यक्षात, असं तिनं पुढे विचारलं. मी आणखी एक पाव मागवला.

भोर

भोरला आमचं घर आहे, म्हणजे आता भावाचं. वहिनीनं तांदळाच्या भाकरी, सुकट आणि पावट्याची आमटी केली होती. सुकटीचा वास येताच मंजिरी, जी याच वासात वाढलीय, ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. उर्सुलानं मात्र दोनदा वाढून घेतलं.

तपासणी आमच्या आळीतल्या बुद्धविहारात ठेवली होती. अख्ख्या आळीत तीच एक खोली शांत. माणसाच्या कानाला हेडफोन लावायचा, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं, एवढाच तो खेळ. पहिल्याच आजींनी बटण बाजूला ठेवलं आणि मी आवाज सोडो न सोडो, दर थोड्या वेळानं 'व्हय' म्हणायला सुरुवात केली. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "तू येवढी पुण्यास्नं आलीस, तुला न्हाई कसं म्हनू?" अमेरिकेत आजवर असा रुग्ण भेटला नाही, असं मंजिरीनं कबूल केलं.

उर्सुला कानाचा साचा कसा घ्यायचा ते मला दाखवत होती. दोन रंगांची लुकण एकत्र मळून ती कानात भरतात, घट्ट झाली की कानाची हुबेहूब प्रतिकृती बाहेर येते. प्रयोग माझ्याच कानावर होता, कारण भारतात दुसऱ्या कुणाच्या कानाला हात लावायचा तिला अधिकार नव्हता आणि तिनं तो नियम स्वतःहून विचारून घेतला होता. वहिनी दारातून बघत होती. बाईंना कणीक मळता येते, म्हणजे चांगल्या घरच्या दिसतायत, असा शेरा तिनं दिला.

रात्री वहिनीनं आणखी एक बातमी दिली. वेल्ह्याच्या स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथली बाई हल्ली कानाची यंत्रंही देते. लोक तिला कानवाली मॅडम म्हणतात. माझं डोकंच फिरलं. चार वर्षं शिकून, नोंदणी करून, पेटी वाहून मी डोंगर हिंडते, आणि इथे चार्जरच्या शेजारी कान विकायला ठेवलेत. उद्या तिची चांगली खरडपट्टी काढायची असं ठरवून मी झोपले.

गुंजवणे

सकाळी आधी गुंजवण्याला गेलो. भात केव्हाच झोडून झालं होतं, खाचरं रिकामी होती आणि वर राजगड. धरणात घरं-जमिनी गेलेली काही कुटुंबं या बाजूला आहेत, त्यांतले तुकाराम आबा दरवेळी माझी वाट बघतात. त्या दिवशी गावात शांत जागाच मिळेना. शाळेत कवायत, देवळात स्पीकर, पलीकडे गिरणी. शेवटी गाडी एका खाचरात नेली, काचा वर केल्या आणि गाडीलाच तपासणीची खोली केलं. आबा आत घामाघूम, आणि गाडीखाली एक कोंबडी शिरलेली. बारीक आवाजांच्या जागी नेमकी ती ओरडायची आणि आबा प्रामाणिकपणे बटण दाबायचे. त्या तपासणीच्या कागदावर जे काही उमटलं, त्यात निम्मा वाटा कोंबडीचा होता.

तपासणी झाल्यावर आबांनी खिशातून एक स्वस्तातलं यंत्र काढून कानात घातलं. मी कपाळाला हात लावला. यंत्र त्यांच्या कानाला बसत नव्हतं, शिट्ट्या मारत होतं, आणि आवाज गरजेपेक्षा मोठा. कुठून आणलं विचारलं तर वेल्ह्याच्या संगीताकडून, म्हणजे त्याच कानवाल्या मॅडमकडून.

"शिटी मारतंय, पर सून काय म्हनती ते कळाया लागलं," असं आबा म्हणाले. ते चांगलं झालं का वाईट, हे त्यांनी सांगितलं नाही.

उर्सुलानं ते यंत्र हातात घेतलं, डोळ्याला भिंग लावलं आणि ते उलटंपालटं करून बघितलं. बॅटरीचं झाकण तुटलं होतं. कुणीतरी जुन्या सिमकार्डाचा तुकडा कातरून, घासून त्याची बिजागरी बनवली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. ती एवढंच म्हणाली, की माझ्याकडे तिसऱ्या वर्षाला असलेल्या उमेदवाराला हे जमणार नाही.

वेल्हे

तालुक्याचं नाव आता कागदोपत्री राजगड झालंय, पण लोक अजून वेल्हेच म्हणतात. तोरण्याच्या पायथ्याशी, स्टँडच्या अलीकडे संगीताचं दुकान. पत्र्याचं, एका खाटेएवढं. आत अडतीस-चाळीसची एक बाई डोळ्याला भिंग लावून फोनच्या पोटातली तार कथलानं डागत होती. मागच्या फळीवर यंत्रांचे खोके.

मी ओळख करून दिली आणि रागात सुरुवात केली. हे असं विकणं बेकायदा आहे, चुकीच्या आवाजानं राहिलेला कानही जाऊ शकतो, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, लोक मोबाईल दुरुस्तीला आणतात आणि म्हणतात आवाज येत नाही. मी बघते तर फोन चांगला असतो, कान गेलेला असतो. पुण्याला जा म्हटलं तर कुणी जात नाही.

"मग म्या काय करू? तुमी म्हैन्यातनं येक डाव येता."

उर्सुला तेवढ्यात काउंटरच्या आत शिरली होती आणि दोघी एकमेकींची भिंगं घालून बघत होत्या. दोघींत एका शब्दाचीही भाषा समान नव्हती आणि दोघींना तिची गरजही पडत नव्हती.

तेवढ्यात संगीताचा फोन वाजला. उजव्या हातात पकड होती, फोन उजवीकडेच पडला होता, तरी तिनं पकड खाली ठेवली, फोन उचलून डाव्या हातात घेतला आणि डाव्या कानाला लावला. मंजिरीनं माझ्याकडे पाहिलं. मीही तेच पाहिलं होतं. संगीता बोलून झाल्यावर मंजिरीनं तिच्या उजव्या बाजूला उभं राहून हळूच तिचं नाव घेतलं. संगीता डावीकडे वळून पाहू लागली.

तिला विचारलं तेव्हा आधी तिनं उडवून लावलं. मग सांगितलं. रविवारी सकाळी उठली तर उजवा कान बंद. सर्दी असेल, मळ असेल, असं वाटलं. दोन दिवस तेल घातलं. मग दुकानातलं सगळ्यात चांगलं यंत्र काढून स्वतःच्या कानात घातलं. तिनं पदर बाजूला केला, तर ते तिथं होतंच. आज गुरुवार होता.

मी ते काढायला लावलं आणि दिव्यानं कानात पाहिलं. आत स्वच्छ. मळाचा कण नाही, पडदा छान. हे बघून कुणालाही बरं वाटावं, पण मला नाही वाटलं. मळ असता तर काढून टाकला असता. मग पेटीतला तो पोलादी दोन टोकांचा काटा काढला, वाजवला आणि तिच्या कपाळाच्या मधोमध टेकवला. सर्दीनं किंवा मळानं कान बंद असेल तर हा आवाज बंद कानाकडे जातो. कानामागची नस सुजली-दुखावली असेल तर उलट, चांगल्या कानाकडे पळतो. मी विचारलं, कुठं वाजतंय?

तिनं विचार केला आणि डाव्या कानाला बोट लावलं.

आम्ही तिघी एका वेळी काहीतरी बोललो. मंजिरी म्हणाली, आज. उर्सुला म्हणाली, आत्ता. मी गाडीची किल्ली काढली होती. अचानक असा एक कान गेला तर पहिल्या काही दिवसांतच औषध सुरू करावं लागतं. जितका उशीर, तितकी परत येण्याची आशा कमी. डॉक्टर म्हणवणारी असो, कारागीर असो नाहीतर दिल्लीच्या नंबराची असो, हा धडा प्रत्येकीला पहिल्यांदा शिकवलेला असतो.

संगीता निघेना. दुकान उघडं कसं टाकू, दुपारी चार जणांचे फोन द्यायचेत, गुंजवण्याचे आबा दुसऱ्या कानाचं यंत्र न्यायला येणार आहेत. नवरा टेम्पो घेऊन महाडला गेलाय. सोमवारी येते, असं म्हणाली. मी समजावलं, चिडले, पुन्हा समजावलं. ती हलेना. मला वाटतं ती घाबरली होती आणि ते आम्हाला दिसू नये म्हणून चार फोनांची नावं घेत होती.

उर्सुलानं काय चाललंय ते मंजिरीला विचारलं. मंजिरीनं सांगितलं. तशी उर्सुला उठली, संगीताच्या स्टुलावर जाऊन बसली, तिचं भिंग डोळ्याला लावलं आणि डागायचं काम जिथं राहिलं होतं तिथून पुढे सुरू केलं. संगीता पाच मिनिटं तिच्या हातांकडे बघत उभी राहिली. मग पायात चपला सरकवल्या.

"बाईंना सांगा, निळ्या डबीतले इस्क्रू कंपनीचे हायत. दुसऱ्याला लावू नका."

गाडीत ती सबंध रस्ता माझ्या शेजारी, खिडकीकडे तोंड करून बसली, डावा कान मागे बसलेल्या मंजिरीकडे. नसरापूर मागे टाकून गाडी हायवेला लागल्यावर एकदाच तिनं विचारलं, ऐकू आलं नाही तर दुकान चालेल का. मंजिरीनं तिला सांगितलं, हातांना काही झालेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मंजिरी इतकं कमी बोलली. पुण्यात माझ्या खोलीत नीट तपासणी झाली, तासाभरात कानाच्या डॉक्टरांनी तिला बघितलं आणि संध्याकाळच्या आत गोळ्या सुरू झाल्या. गरज पडली तर कानाच्या पडद्यापलीकडे इंजेक्शन देऊ, असं ते म्हणाले. तिनं मुठीत धरून आणलेलं यंत्र त्यांनी माझ्या हातात दिलं, आणि मी ते कुणालाही न दाखवता पर्समध्ये टाकलं.

पुन्हा वेल्हे, मग पानशेत

शुक्रवारी सकाळी तिला घेऊन परत आलो, तर दुकानापुढे गर्दी. उर्सुलानं पाच फोन दुरुस्त केले होते, सगळे स्क्रू आकारानुसार लावून ठेवले होते आणि स्क्रीनगार्ड इतके सरळ चिकटवले होते की लोक चांगलं असलेलं काढून नवं लावून घेत होते. संगीताच्या सासूबाईंनी तिला रात्री घरी नेऊन नाचणीची भाकरी खाऊ घातली होती आणि स्वतःची गोधडी दिली होती. तुकाराम आबा येऊन गेले होते. त्यांना यंत्र पाहिजे होतं. उर्सुलानं दोन्ही हातांनी नकार दिला, कारण मोबाईल दुरुस्त करायला तिला कुणाचा परवाना लागत नव्हता, पण कानाचं यंत्र द्यायला लागत होता. चाळीस वर्षांच्या तिच्या धंद्यात पहिल्यांदाच ती कान सोडून बाकी सगळं दुरुस्त करत बसली होती. आबा शेजारच्या हॉटेलवाल्याला म्हणून गेले, बाई मुकी दिसतीय, पर हात चांगला हाय.

दुपारी चौघी पाबे घाटातून पानशेतला जेवायला गेलो. रस्ता इतका वळणांचा की मंजिरीनं मागच्या सीटवर डोळे मिटून घेतले. धरणाच्या काठाला एका खानावळीत तळलेला मासा आणि इंद्रायणीचा भात सांगितला आणि नसरापूरचं भांडण पुन्हा काढलं. यावेळी विषय समोरच बसला होता. संगीतासारखीचं काय करायचं? उर्सुला म्हणाली, हिला माझ्याकडे पाठवा, तीन वर्षांत तयार करते. मंजिरी म्हणाली, हात कितीही चांगला असला तरी नस आणि मळ यातला फरक कळायला शिक्षण लागतं, कालच बघितलंस. मी म्हटलं, आपल्याकडे यंत्रदुरुस्ती आणि साचे करायचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, पण त्याला बारावी सायन्स लागते. संगीताची बारावी आर्ट्सची निघाली.

संगीता उजव्या कानावर हात ठेवून, डावा पुढे करून ऐकत होती. मासा खाऊन झाल्यावर बोलली.

"तुमी तिगी लई शिकल्याल्या. पर म्या सा म्हैनं यंत्रं इकली, आन् कवा इकायचं न्हाई, ते मला कुनीच सांगितलं न्हवतं. त्ये आदी शिकवा. बाकीचं मग भांडा."

मंजिरीनं ते उर्सुलाला भाषांतर करून सांगितलं, आणि भांडण तिथंच राहिलं.

घरी परत आल्याला आता काही महिने झाले. संगीताच्या कानाचे खालचे सूर परत आले, वरचे पूर्ण नाही आले. मधूनमधून आत रातकिडा वाजतो, आणि फोन वाजला तर तो कुठल्या फळीवर आहे ते तिला शोधावं लागतं. यंत्रांचे खोके तिनं व्यापाऱ्याला परत पाठवले. आता महिन्यातून एक दिवस मी पेटी घेऊन तिच्याच दुकानात बसते, आणि ज्यांनी आधी घेतलीत त्यांची यंत्रं ती साफ करते, नळ्या बदलते. आबांना नवं यंत्र मी माझ्या नंबरावर दिलं. ते शिट्टी मारत नाही, म्हणून आबा नाराज आहेत.

आणि संगीता बारावी सायन्सला बसतेय. दिवसा दुकान, संध्याकाळी पुस्तक. आमचा चौघींचा एक ग्रुप झालाय, त्यावर ती प्रश्न टाकते. गेल्या आठवड्यात ध्वनीच्या धड्यावर अडली. दोन सारखे मोबाईल एकाच वेळी वाजले तर आवाज दुप्पट का वाटत नाही, असं तिनं विचारलं. मंजिरीनं ओहायोतून सूत्र पाठवलं. उर्सुलानं पेन्सिलनं आकृती काढून तिचा फोटो पाठवला. मी मराठीत चांगला पानभर खुलासा लिहिला. दिवसभर तिचं काही उत्तर नाही. संध्याकाळी तिनं कळवलं, की दुरुस्तीला आलेले दोन एकसारखे फोन शेजारी ठेवून वाजवून बघितले, आमचं तिघींचं बरोबर आहे, आणि आता ती तिसरा लावून बघणार आहे.